तिसऱ्या रांगेतला बिगुल

ऑगस्ट लागला की आमच्या घरामागच्या शाळेत दुपारी अडीच वाजता ढोल सुरू होतो. नेमका अडीचला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून अडीच ही माझी आडवं होण्याची वेळ आहे, आणि ते कुणीतरी शाळेला कळवलेलं असावं. आधी बडा ढोल एकटाच, धम्म, धम्म. मग साइड ड्रमची तडतड, मग बासऱ्या, आणि मग ‘दाहिने घूम’ला सगळं कोसळतं. रोज तिथेच. वळताना आतल्या बाजूच्या मुलीनं जवळजवळ जागच्या जागी पाय मारायचे असतात आणि बाहेरच्या मुलीनं लांब टांगा टाकायच्या असतात. या शाळेतल्या बाहेरच्या पोरीला ते कुणी सांगितलेलंच नाही. गच्चीवर जाऊन ओरडून सांगावं असं मला दोनदा वाटलं.

परवा हे पेपर वाचता वाचता म्हणाले, “कुठे निघालीस?”

“निघतेय कुठे? झोपलेय.”

“चादरीखाली पाय चाललेत तुझे.”

चालले होते खरे. डावा, उजवा, डावा. माझी ही जुनी खोड आहे आणि तिची दुसरी बाजू आणखी विचित्र आहे. रस्त्यात मागून वरातीचा बँड आला आणि माझं पाऊल त्याच्या तालावर पडायला लागलं, की मला चोरी पकडली गेल्यासारखं होतं. मी मुद्दाम पाऊल बदलते, नाहीतर एखाद्या दुकानात शिरते. अशी शिरून मी एकदा गरज नसताना पाव किलो लौंगसेव घेऊन आले आहे.

चोरी होतीच, म्हणून तर.

१९७८ साली मी आठवीत होते. शाळेनं मुलींचा बँड काढायचं ठरवलं. शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक मास्टरजी यायचे. मिशा, कडक इस्त्री, आणि गाठी मारलेली एक लांब सुतळी. त्या सुतळीनं ते मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचे. दोन गाठींमध्ये एक पाऊल. वाद्यं मेरठहून पेट्यांत भरून आली होती. दोन बडे ढोल, साइड ड्रम, झांजा, बासऱ्या आणि सात बिगुल. भुश्यातून बिगुल बाहेर काढताना जो वास आला तो अजून नाकात आहे, पितळ आणि ब्रासोचा.

बिगुलाला ना भोकं, ना कळा. एकच वळलेली नळी. जो काय स्वर काढायचा तो ओठांनी. ओठ घट्ट मिटून, लहान मूल चिडवतं तसे फुरफुरवायचे आणि ती फुरफुर नळीत सोडायची. ओठ जितके आवळाल तितका स्वर वर. मोजून पाच स्वर मिळतात. पाचही स्वर काढणाऱ्या मुली आमच्यात तीन निघाल्या. दोघींचे तीन-तीन निघायचे, सहावीचा एक. माझ्या बिगुलातून फक्त हवा यायची. फुस्स. मास्टरजींनी आठ दिवस वाट पाहिली. पण रांगेत माझी उंची बरोबर बसत होती, पांढरा ड्रेस शिवून झाला होता आणि बिगुल सातच्या सातही दिसायला हवे होते, कारण ते खरेदीच्या कागदावर होते. नवव्या दिवशी त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि अगदी हळू आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं, म्हणाले, “बेटा, तू बस पकड़। गाल फुला। हवा मत छोड़ना।”

लोकांना वाटतं न वाजवणं सोपं असतं. उलट आहे. बाकीच्या सहाजणी चुकल्या तर चुकल्या, मी चुकले तर ऐकू येणार होतं. कुठे श्वास घ्यायचा, कुठे कोपर वर न्यायचं, शेवटचा लांब स्वर संपताना गाल कसे सावकाश खाली आणायचे, हे मी आरशासमोर घोटलं. मास्टरजी माझं उदाहरण इतर मुलींना देत. “पोज़िशन देखो इसकी!”

पंधरा ऑगस्टला इंदूरच्या नेहरू स्टेडियमवर शाळाशाळांची चुरस होती. आदल्या रात्री कॅनव्हासच्या बुटांना पांढरी लावली, ती दमट हवेत वाळलीच नाही, आणि सकाळी ओल्या बुटांनी आम्ही गवतावर पांढरे ठसे उमटवत गेलो. आमचा दुसरा नंबर आला. प्रमाणपत्रावर माझ्या नावापुढे सुवाच्य अक्षरात ‘बिगुल वादन’ लिहिलं आहे. आईनं ते फ्रेम करून घेतलं.

धाकटा भाऊ बाळ्या तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि कठड्याला लटकून बघत होता. घरी येताना टेंपोत तो माझ्या कानाशी लागला, “ताई, तुझा वाजत नव्हता.” कसं कळलं विचारलं तर म्हणे, बाकीच्यांच्या मानेची शीर फुगत होती, तुझी नव्हती. पुढे वर्षभर सराफ्यात रात्री खायला गेलं की माझ्या वाटची जलेबी त्याच्या द्रोणात जायची.

तर परवा झोप गेलीच होती, म्हणून फोन उघडला. या फोनला भिंतीपलीकडचं ऐकू येतं असं माझं ठाम मत आहे. समोर बिगुलच आले. अमेरिकेतली ड्रम कोअर. तिकडे पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी फौजेतल्या ढोल-बिगुलांची पथकं काढली, त्याची पुढे स्पर्धा झाली आणि स्पर्धेचं वेड झालं. १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर या गावात ड्रम कोअर इंटरनॅशनल या त्यांच्या संघटनेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. बासरी नाही, सनई नाही, क्लॅरिनेट नाही. पितळ, ढोल आणि निशाणं फिरवणारी पोरं. दीडशेच्या आसपास मुलं-मुली, हजारो डॉलर फी भरून, उन्हाळाभर बसमधून गावोगाव हिंडतात आणि रात्री कुठल्यातरी शाळेच्या जिमच्या फरशीवर झोपतात. १ जूनच्या आधी वयाची बावीस पूर्ण झाली असली की बाहेर. शेवटचा सामना ऑगस्टमध्येच, इंडियानापोलिसच्या छप्पर असलेल्या प्रचंड स्टेडियममध्ये. ज्याला पथक म्हणतात ते मैदानावर पसरतं, मिटतं, तिरकं होतं, एकमेकांतून आरपार जातं, आणि त्या पळापळीत एकाचाही ओठ ढळत नाही. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे पाऊल साडेबावीस इंचांचं. मी लगेच हिशेब केला. मास्टरजींची गाठ तीस इंचांवर होती. आम्हाला टांगा टाकायला लावत होते ते.

पथकांची नावं ऐका: ब्लू डेव्हिल्स, फँटम रेजिमेंट, मॅडिसन स्काउट्स. या शेवटच्यात मुलींना कित्येक दशकं प्रवेशच नव्हता. गुण शंभरपैकी, दशांशात. २०१४ साली ब्लू डेव्हिल्सना ९९.६५ मिळाले. मला त्या उरलेल्या ०.३५ ची काळजी लागली. कुठे गेले असतील ते? कुणाचा तरी बूट ओला असणार.

फार वेळ बघितलं तर मात्र दमायला होतं, हेही सांगते. इतकं बिनचूक की आपल्याला काही कामच उरत नाही. २००० सालापर्यंत त्यांचे सगळे बिगुल एकाच पट्टीचे असायचे, मग ते बंधन गेलं. पुढे माइक आले, २००९ पासून इलेक्ट्रॉनिक वाद्यं आली. आता बिगुल राहिला नावापुरता. हे माझ्यासारखीनं म्हणावं म्हणजे फारच झालं, पण म्हणते.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. पथकातला एखादा आजारी पडला, पाय मुरगळला, तर त्याच्या जागी सहजासहजी कुणाला घुसवता येत नाही. सगळ्यांच्या वाटा आखलेल्या असतात. मग ती जागा मोकळी ठेवून बाकीचे खेळतात. त्याला ते भोक म्हणतात. सरळ रेघेत मध्येच एक माणसाएवढी पोकळी, आणि ती बाकीच्यांबरोबर चालते, वळते, थांबते. वरून बघणाऱ्याला ती आधी दिसते. आमच्या मास्टरजींना हे कळलं असतं तर ते गडबडले असते. त्यांच्या रांगेत माणूस होता आणि आवाजाच्या जागी भोक होतं.

मग एकातून एक निघत गेलं. हॉलंडमध्ये केर्कराडेला १९५१ पासून साधारण दर चार वर्षांनी जगभरचे बँड जमतात. जपानातल्या क्योटो ताचिबाना शाळेच्या नारिंगी गणवेशातल्या मुली ट्रंपेट वाजवता वाजवता नाचतात, आणि ट्रंपेट काय, भलामोठा ट्यूबा घेऊनही नाचतात. ते बघून माझीच मान धरली. ऑगस्टमध्येच ग्लासगोच्या हिरवळीवर मशकवाल्यांची, म्हणजे बॅगपाइपवाल्यांची, जागतिक स्पर्धा होते. ते लोक गोल करून, तोंड आत आणि पाठ प्रेक्षकांकडे करून वाजवतात. परीक्षक बाहेरून हातात कागद घेऊन फिरत ऐकत राहतात. मला ही पद्धत मनापासून आवडली. गाल कुणाला दिसतच नाहीत.

आपल्याकडची चुरस म्हणाल तर आम्हा इंदूरकरांची एकच, अनंत चतुर्दशीची. गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे गाड्यांवरचे देखावे, पुढे आखाडे, बँड, ढोल, रात्रभर. हुकुमचंद मिल १९९१ ला बंद पडली, कामगारांच्या थकलेल्या पैशांचा धनादेश निघायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, पण त्या मधल्या वर्षांतही कामगारांनी वर्गणी काढून झांकी काढली. तिलाही नंबर मिळतात, त्यावरून भांडणंही होतात. जेल रोडवर दुकानाच्या फळीवर बसून पहाटे चारपर्यंत आम्ही नंबर द्यायचो. आमचे नंबर आणि परीक्षकांचे नंबर कधीच जुळले नाहीत.

आणि पहाटे चारवरून बाझल. स्वित्झर्लंडमधलं हे गाव त्यांच्या फास्नाख्टच्या, म्हणजे कार्निव्हलच्या, सोमवारी पहाटे चारच्या ठोक्याला सगळे दिवे घालवतं आणि त्या मिट्ट काळोखात शेकडो बासऱ्या आणि ढोल एकदम सुरू होतात. नंबर नाहीत, गुण नाहीत. वाजवणाऱ्यांच्या डोक्यावर छोटे छोटे कंदील बांधलेले. डोक्यावरचे ते कंदील बघितले आणि मी फोन ठेवून दिला, कारण मला बाळ्याच्या मुलाची वरात आठवली.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. आमच्या इंदूरच्या मराठी लग्नांत सकाळी मंगलाष्टकं आणि रात्री माळवी बारात, दोन्ही व्यवस्थित होतात. रामबागेतून वरात निघाली. बाळ्या, आता चष्मा, पोट आणि सफारी, बँडवाल्याशी ‘इक्कीस आदमी’ असं ठरवून बसला होता, आणि बँडसोबत उलटा चालत माणसं मोजत होता.

“ताई, एकवीसच आहेत, पण चारजण नुसते उभे केलेत. तो बघ, तिसऱ्या रांगेतला. मानेची शीर बघ.”

बघितलं. साठीचा माणूस. लाल कोट खांद्यावर मोठा होत होता, भोंगा चकचकीत. कोपर बरोबर उंचीवर, श्वास बरोबर जागी, ओळ संपताना गाल सावकाश खाली. मोठी साधना होती हो! त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“चौघांचे पैसे कापणार मी,” बाळ्या म्हणाला.

“कापायचे नाहीत.”

“का?”

“जलेबी आठवते ना? वर्षभराची?”

तो हसला नाही, पण मोजायचं थांबला.

बँडच्या दोन्ही अंगांना डोक्यावर दिवे घेतलेल्या बायका चालत होत्या. पूर्वी पेट्रोमॅक्स असायचे, आता एलईडीची झाडं, खाली चुंबळ. मागच्या हातगाडीवर जनरेटर, आणि तिथून एक काळी वायर पहिलीच्या दिव्याला, तिथून दुसरीच्या, तिथून तिसरीच्या, अशी शेवटपर्यंत. वायर जेवढी तेवढंच अंतर. एकीनं पदर सावरायला पाऊल आवरलं तर मागची थांबायची, पुढचीच्या मानेला हिसका बसायचा. म्हणून आवरत कुणीच नव्हतं. नवरदेवाचे मित्र नाचायला थांबले की सगळ्या एकदम थांबत, सरकले की सगळ्या एकदम सरकत. ओळ केसभर वाकडी नाही. चुन्याची रेघ नाही, सुतळी नाही.

मी त्यांच्या शेजारून चालत होते. माझं पाऊल त्यांच्याबरोबर पडायला लागलं होतं, आणि त्या दिवशी काही केल्या मला ते बदलावंसं वाटेना. डावा, उजवा, डावा.

“बाईजी,” मान न वळवता माझ्या बाजूची बाई म्हणाली, “तार पे पाँव मत रखना.”