वाहक तेलाची निवड: खोबरेल की तिळाचे?

आईच्या गुडघ्यांना चोळण्यासाठी मी पहिल्यांदा लव्हेंडरचे तेल खोबरेलात मिसळले, तेव्हा पुण्यात डिसेंबर चालू होता आणि सकाळी बाटलीतले तेल पांढरे, घट्ट थिजलेले असे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते; मग बाटली रोज गरम पाण्यात ठेवायची आणि त्या उष्णतेने सुगंधाचा काही भाग उडून जायचा. तेव्हापासून थंडीच्या महिन्यांत मी तिळाचे तेल वापरते.

लव्हेंडर, गवती चहा यांसारखी सुगंधी तेले अतिशय तीव्र असल्याने ती त्वचेवर थेट लावू नयेत, आणि ती पाण्यात विरघळत नसल्यामुळे त्यांना वाहून नेणारे दुसरे तेल लागतेच. प्रमाण मात्र थोडेच पुरते: ३० मिलिलिटर तेलात सुमारे १२ थेंब म्हणजे २ टक्के, आणि आईसारख्या नाजूक त्वचेच्या व्यक्तीसाठी मी त्याचे निम्मेच घेते.

तिळाचे तेल घेताना कच्च्या तिळाचे, लाकडी घाण्यावरचे घ्यावे, कारण भाजलेल्या तिळाचा वास लव्हेंडरला पूर्ण झाकून टाकतो. त्यात सेसमॉलसारखे नैसर्गिक घटक असल्याने ते लवकर खवट होत नाही, आणि अभ्यंगासाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच वापरत आल्यामुळे आईलाही ते परके वाटले नाही. द्राक्षबियांचे तेल हलके असते, पण त्यातील लिनोलेइक आम्लाचे प्रमाण मोठे असल्यामुळे ते लवकर बिघडते. म्हणून लहान बाटलीच घ्यावी. जोजोबा हे खरे तर तेल नसून द्रवरूप मेण आहे. ते दीर्घकाळ टिकते, पण महाग असल्याने मी ते फक्त चेहऱ्यासाठी ठेवते. बदामाचे तेल मला आवडते, मात्र बदामाच्या नावाने विकली जाणारी अनेक केशतेले खनिज तेलावर बेतलेली असतात, त्यामुळे लेबलावरील घटकांची यादी वाचल्याशिवाय ते घेऊ नये. ज्यांना बदामाची किंवा तिळाची अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी ती तेले टाळावीत. तीळ हा अ‍ॅलर्जीचा एक ठळक कारक आहे, हे घरात सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

नवे मिश्रण मी आधी आईच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावते आणि २४ तास वाट पाहते. बाटली गडद काचेची घेते, तिच्यावर मिश्रणाची तारीख लिहिते आणि खवट वास येऊ लागला की उरलेले तेल टाकून देते, ते कितीही महागाचे असले तरी.