गेमिंगसाठी घ्यायलाव का?

परभणीत कॉम्प्युटर असेंबल करायला गेलं की दुकानदाराचा प्रश्न ठरलेला, "गेमिंगसाठी घ्यायलाव का एडिटिंगला?" तिसरा प्रकार त्याच्या वहीत नसतोच. दिवसा प्रोग्रामिंग आणि सवड मिळेल तेव्हा गाणी रेकॉर्ड करायची आहेत असं सांगितलं, की तो आपल्याला मुकाट्यानं एडिटिंगच्या खात्यात टाकतो आणि ग्राफिक्स कार्डाचं खोकं पुढं सरकवतो. खोक्यावर एक राक्षस तलवार उपसून उभा.

हा राक्षस आपल्या काही कामाचा नाही. साधा कोड लिहायला तो लागत नाही आणि गाण्याच्या मिक्सिंगलाही नाही. प्रोसेसरमध्येच असलेलं ग्राफिक्स दोन मॉनिटर आरामात ओढतं. फक्त इंटेलच्या नावामागं 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नसतं, तेवढं बघून घ्यायचं. यादीतली सगळ्यात महाग वस्तू अशी पहिल्या पाच मिनिटांत कटली आणि दुकानदारानं मागवलेला चहा पण मग कटिंगच आला.

खरी ओढाताण प्रोसेसरपाशी. प्रोग्रामरला कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले काम करणारे हात, भरपूर हवेत, कारण कंपाइल करताना, म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत आणताना, शेकडो फायली वेगवेगळ्या कोअरला वाटून देता येतात, एकीचं दुसरीवाचून अडत नाही. गाण्याचं तसं नसतं. गळ्यातून आलेला आवाज आधी इक्वलायझरमध्ये जातो, मग कॉम्प्रेसरमध्ये, मग रिव्हर्बमध्ये, ही सगळी आवाज घडवणारी सॉफ्टवेअर. आधीच्याचं उरकल्याशिवाय पुढच्याला हात लावता येत नाही. म्हणून एका ट्रॅकचा सगळा भार बहुतेक वेळा एकाच कोअरवर येतो, आणि तो कोअर चपळ लागतो.

किती चपळ, ते आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या आप्पांनी दाखवून दिलं. जुन्या लॅपटॉपवर त्यांना हेडफोन लावून गायला बसवलं. पहिल्या ओळीलाच थांबले. "माझाच आवाज माझ्या मागून का यायलाय रे?" मी बफर, म्हणजे आवाजाचे किती नमुने साठले की प्रोसेसरनं ते एकदम हाताळायचे तो आकडा, १०२४ वर ठेवला होता, कारण त्याखाली लॅपटॉप टकटक करायला लागायचा. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर १०२४ नमुने म्हणजे २३ मिलिसेकंद. आवाज आत जाताना तेवढे आणि बाहेर येताना पुन्हा तेवढेच. हवेत आवाज एवढ्या वेळात सोळा मीटर जातो. म्हणजे आप्पा गाभाऱ्यासमोर आणि टाळकरी पार देवळाच्या पायऱ्यांखाली, असा प्रकार. बफर १२८ वर आणला तर हे अंतर दोन मीटरवर येतं, टाळकरी शेजारी बसतो. पण मग प्रोसेसरला दर तीन मिलिसेकंदांना सगळं काम संपवून हजर राहावं लागतं. एकदा जरी उशीर झाला तरी रेकॉर्डिंगमध्ये 'टक्' उमटतं. सरासरी वेग कितीही चांगला असला तरी त्या एका टक्‌ला तो उपयोगाचा नाही. आणि आप्पांचा कान असा, की तो टक् त्यांना आधी ऐकू येतो, मला नंतर.

मग एएमडीचा सोळा कोअरवाला प्रोसेसर, रायझेन ९ ७९५०एक्स, का नाही? कोअरही भरपूर, चपळही. तर त्याची कंपनीनं सांगितलेली उष्णता १७० वॅट. यूट्यूबवर परीक्षणं करणारी मंडळी बावीस अंशांच्या खोलीत बसून तापमान मोजतात, आणि प्रोसेसरची उष्णता खोलीच्या तापमानावर चढत जाते. त्यांच्याकडं ७५ अंश दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात आमच्या स्लॅबखालच्या ३८ अंशांच्या खोलीत नव्वदी ओलांडतो. पंच्याण्णव ते शंभरच्या घरात तो स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. म्हणजे पैसे सोळा कोअरचे मोजायचे आणि उन्हाळाभर तो दमलेला बघायचा. आजोबांचं जाड मातीच्या छताचं माळवदाचं घर असतं तर गोष्ट वेगळी होती. मी आठ कोअरचा, ६५ वॅटचा रायझेन ७ ७७०० घेतला. कंपाइलला चार मिनिटं जास्त लागली तर लागू देत, तेवढ्यात चहा होतो.

रॅम ३२ जीबी, सोळाच्या दोन पट्ट्या. प्रोग्रामिंगचं डॉकर आणि तबल्याचे सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेले बोल, एकाच वेळी उघडले तरी पुरते. सिस्टिमला एक एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडी, सॅम्पलना दुसरी. जोडणी झाल्यावर पडदा बराच वेळ काळाच राहिला. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा चालू होताना आपली जुळवणी करत बसते, ते दुकानदारालाही माहीत होतं, पण तेवढ्यात तो म्हणून मोकळा झाला, "बनी तो बनी, नहीं तो परभणी!"

शांततेवर मी हट्टानं खर्च केला. कंडेन्सर माइक समोर असला की कॅबिनेटचा पंखा गाण्यात येऊन बसतो. मोठा पंखा कमी फेऱ्यांत तेवढीच हवा ओढतो, म्हणून १४० मिलिमीटरचे पंखे आणि प्रोसेसरवर उंच टॉवर कूलर. आत हवा ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवले, म्हणजे हवा फटींऐवजी जाळीतूनच येते. कापसाच्या हंगामात ती जाळी पांढरी होते, झटकावी लागते. आता मशीन चालू आहे की बंद, ते दिव्याकडं बघून कळतं. आणि त्याच खोलीत पत्र्याचा कूलर विमानतळ चालवत असतो! तो बंद केला तर गाणारा घामानं निथळतो, चालू ठेवला तर गाणं ऐकू येत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी कोड आणि पहाटे रेकॉर्डिंग, अशी पाळी लावून टाकली आहे. कॅबिनेट मात्र त्या ओल्या झोताच्या समोर कधी ठेवू नये.

लाईटीचा विषय दुकानात कुणी काढत नाही, तो घरी आल्यावर निघतो. इन्व्हर्टरच्या पाठीमागं एक छोटं बटण असतं, ते 'यूपीएस' मोडवर हवं. नाहीतर लाईट जाऊन बॅटरीवर येईपर्यंत मशीन बसतं आणि आप्पांचा अभंग अर्ध्यात जातो. यूपीएस मोडवर ही फट छोटी असते, आणि चांगला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, पंधरा-सोळा मिलिसेकंद तग धरतो. दुसरी भानगड अर्थिंगची. ती कच्ची असली की माइकमागं एक बारीक घुंई सुरू होते, आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेची. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडतो, आणि ही घुंई वाढते. उपाय बादलीभर पाण्याचा. पण २०१६ साली ज्या मराठवाड्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं खड्ड्यात चांगलं पाणी ओतणं आईला कसं पटावं? "भांडे धुतलेलं ओत की त्येच्यात," ती म्हणाली. ओतलं. घुंई गेली.

राहिला कीबोर्ड. प्रोग्रामरला खटखट वाजणारा ब्लू स्विचचा पाहिजे, त्याशिवाय बोटांना काम केल्यासारखं वाटत नाही. गाणं रेकॉर्ड करणाऱ्याला तो खोलीत नको, कारण रेकॉर्डिंग थांबवायचं बटण दाबलं की शेवटच्या सुरावर खट् बसतं. दोघंही मीच असल्यामुळे मतदान बरोबरीत सुटतंय. दुकानदार म्हणतो, लाइटवाला घ्या.