लॅटिनमधील लघुत्ववाचक शब्द: ‘-एल्लुस’चा उलगडा

लघुत्ववाचक, म्हणजे लहानपणा दाखवणाऱ्या, प्रत्ययांची यादी पाठ करणे आता थांबवले असून, वहीतील मांडणी प्रत्ययानुसार न ठेवता मूळ शब्दाच्या अंत्य वर्णानुसार केली आहे. पहिल्या दोन गणांतील (गण म्हणजे नामे चालवण्याचे वर्ग) नामांना ‘-उलुस, -उला, -उलुम’ लागतात. आधी ‘इ’ किंवा ‘ए’ असल्यास ‘उ’चा ‘ओ’ होतो, म्हणून ‘फीलिउस’ म्हणजे मुलगा, त्याचे ‘फीलिओलुस’. उरलेल्या गणांना बहुधा ‘-कुलुस’ लागतो, जसे ‘नाविस’ या जहाजाचे ‘नाविकुला’.

खरी मौज ‘-एल्लुस’मध्ये आहे. यादीत तो स्वतंत्र दिसला तरी मुळात तो ‘-उलुस’चाच भाऊ आहे. ‘आगेर’ म्हणजे शेत. त्याच्या ‘आग्रो-’ या अंगाला, म्हणजे प्रत्यय लागण्याआधीच्या रूपाला, ‘-लो-’ जोडल्यावर मधला स्वर गळाला, ‘आगेर्लोस’ असे रूप झाले आणि ‘र’ पुढच्या ‘ल’मध्ये मिसळून ‘आगेल्लुस’ सिद्ध झाले. ‘न’चीही तीच गत होते: ‘आसिनुस’ या गाढवाचे ‘आसेल्लुस’, तर ‘कोरोना’चे, म्हणजे फुलांच्या मुकुटाचे, ‘कोरोल्ला’. वनस्पतिशास्त्रात दलपुंजाला, म्हणजे फुलाच्या पाकळ्यांच्या समूहाला, आजही हेच नाव आहे.

लिंगाच्या बाबतीत लॅटिन आपल्याहून सोपी. आपल्याकडे डबा लहान झाला की स्त्रीलिंगी डबी होते. तिथे मूळ शब्दाचे लिंग सहसा टिकते. अपवाद आहेतच: ‘राना’ ही बेडकी स्त्रीलिंगी, पण ‘रानुन्कुलुस’ पुल्लिंगी.

या तयारीनिशी रोमन कवी कॅटलसची तिसरी कविता पुन्हा वाचली. प्रेयसीची चिमणी मेली आहे; कवी तिला ‘मिसेल्ले पास्सेर’, म्हणजे ‘बिचारे पाखरा’, असे संबोधतो. ‘मिसेर’पासून ‘मिसेल्लुस’ होताना पुन्हा ‘र’च मिसळला आहे! शेवटच्या ओळीत प्रेयसीचे रडून सुजलेले डोळे ‘तुर्गिदुली ओकेल्ली’ होतात, म्हणजे विशेषण आणि नाम दोन्ही लघुत्ववाचक. डोळ्यांचा आकार सांगणे हा येथे हेतूच नाही. सगळा जिव्हाळा प्रत्ययात आहे, आणि तो मराठीत उतरवताना माझी तरी दमछाक होते.

सध्या प्रोबस या व्याकरणकाराच्या नावाशी जोडलेली शुद्धाशुद्ध शब्दांची यादी वाचत आहे. ‘आउरिस’ म्हणावे, ‘ओरिक्ला’ नव्हे, अशी ताकीद तीत आहे. ‘ओरिक्ला’ म्हणजे ‘आउरिकुला’ या ‘इवल्याशा काना’चे बोलीतले रूप. ताकीद कोणी मनावर घेतली नाही. फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश या तिन्ही भाषांत कानाचा शब्द याच रूपातून आला आहे.