लेणी नोंद ९ : वेरूळला गेले, अजिंठ्याला वाचले

मंडळी, मागच्या नोंदीत मी ऑनलाइन तिकिटात वाचणाऱ्या पाच रुपयांवर अर्धं पान भरलं होतं. ४० चे ३५, २५ चे २०. ते पाच रुपये मी अजूनही सोडत नाही. पण खरी गळती कुठे असते ते या खेपेला वेरूळच्या तिकीट खिडकीसमोर कळलं.

दादा-वहिनी आणि मुलं न्यू जर्सीहून आली आहेत. चौघांचेही पासपोर्ट अमेरिकन. वेरूळ, अजिंठा, घारापुरीला आपल्याला ४० रुपये आणि परदेशी नागरिकांना ६००. धाकटा चौदाचा, म्हणजे पंधराच्या आतला, त्याला तिकीट नाही. राहिले तिघं. ओसीआय कार्डधारकांना (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते कार्ड) राष्ट्रीय स्मारकांत भारतीयांइतकंच शुल्क, हे मार्च २०२१ च्या अधिसूचनेत स्पष्ट आहे. तिची छापील प्रत मी नेली होती, ती ओळ पिवळ्या पेनने रंगवून. आणि कार्डं? पुण्यात, आईच्या कपाटात! दादाच्या मोबाइलवर फोटो होते, त्यातल्या एकात शेवटचे दोन आकडे अंगठ्याखाली गेलेले. खिडकीतल्या माणसाने शांतपणे मूळ कार्ड मागितलं. त्याचं काहीच चुकलं नाही. निघताना मी टॉर्च, दुर्बीण, बाटल्या सगळं मोजून घेतलं आणि कार्डं दादाच्या बॅगेत असतील असं धरून चाललो. १२० च्या जागी १८०० भरले. दादा म्हणाला, "जाऊ दे रे." मला काही जाऊ देववेना. कैलासाच्या आवारात, रावण पर्वत हलवतोय त्या शिल्पासमोर उभा राहूनही डोक्यात १६८० हाच आकडा.

संध्याकाळी बेत मोडून नव्याने मांडला. वेरूळ झालं रविवारी. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, हे आपल्याला पाठ आहे. मग सोमवार दौलताबाद आणि बीबी का मकबऱ्याला दिला, आणि मावसभावाला फोन केला. तो बिचारा रात्रीच्या बसने कार्डं घेऊन निघाला आणि सकाळी सहाला संभाजीनगरच्या स्टँडवर हजर! दोन्ही ठिकाणी ३०० ऐवजी २५, तिघांचे मिळून १६५० वाचले. दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, पुण्याच्या तापकीर गल्लीतून घेतलेला माझा टॉर्च पुन्हा एकदा कामी आला. महागड्या ब्रँडच्या मागे लागू नका, तिथे दुकानात पेटवून बघून घ्या.

मंगळवारी अजिंठा. खिडकीवर ओसीआय कार्डांच्या तिन्ही पुस्तिका उघडून ठेवल्या आणि चाळीसची तिकिटं हातात पडली. अधिसूचना पिशवीतून काढावीसुद्धा लागली नाही. (फर्दापूर टी-पॉइंटवरून आतल्या बसचं भाडं वेगळं, ते कुणालाच चुकत नाही.) दहाव्या लेण्यात पुतणीने खांबावरचं जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याचं नाव स्वतः शोधलं, १८१९ सालचं. "एवढ्या उंचावर कसं कोरलं, काका?" तेव्हा लेणं गाळाने भरलं होतं, तो ढिगाऱ्यावर उभा होता, असं सांगितल्यावर ती खाली जमिनीकडे आणि परत वर बघत राहिली. त्या क्षणी वेरूळचे पैसे वसूल झाले.

पुढचा बेत १९ नोव्हेंबरचा होता, जागतिक वारसा सप्ताहाचा पहिला दिवस, प्रवेश मोफत म्हणून. २०२४ ला तो नेमका मंगळवारी आला आणि वेरूळ हुकलं होतं. पण लिहिता लिहिता वाटतंय, चाळीस रुपयांसाठी पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर रेटारेटी कशाला? फुकटच हवं तर तिकीट नसलेली लेणी कमी आहेत का? बेडसे आहे, पितळखोरा आहे. शिवाय वहिनीची थाई मैत्रीण पुढच्या वर्षी येणार आहे. बिमस्टेक (बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांचा गट, थायलंडही त्यात) देशांच्या नागरिकांनाही भारतीयांचाच दर, म्हणजे तिला पासपोर्ट पुरेल. तेव्हा तिच्यासोबत एक दिवस अजिंठा, एक दिवस पितळखोरा. पितळखोऱ्याची, कण्हदास सोनाराचं नाव कोरलेली यक्षाची मूर्ती दिल्लीला गेली, पण हत्तींची रांग जागेवरच आहे.

पावसाळ्यानंतर पितळखोऱ्याला कुणी गेलं असेल, तर खाली उतरायच्या पायऱ्या कशा आहेत ते कळवा. आईलाही न्यायचं आहे.