खडकाच्या पायऱ्या आणि टाकीखालची प्लेट

कोरड्या नदीपात्रातून जाणारी ही वाट सुरुवातीला फसवी आहे. वाळू, गोटे, मधूनच चिखलाचा पट्टा. टायरची हवा थोडी कमी केली की निवांत जाता येतं. खरी परीक्षा वरच्या टप्प्यात. तिथे खडकाच्या पायऱ्या आहेत, काही चांगल्या गुडघाभर उंचीच्या. चढताना सगळ्यांचं लक्ष पुढच्या चाकांवर असतं आणि बहुधा काही होत नाही. उतरताना मात्र मागची चाकं पायरीवरून सुटली, की गाडीचा मागचा लोंबता भाग खडकावर बसतो. आणि बऱ्याच गाड्यांमध्ये नेमकी तिथेच पेट्रोलची टाकी असते.

बऱ्याच, सगळ्या नाही. टाकीला खडकाच्या मारापासून वाचवणारी प्लेट, म्हणजे स्किड प्लेट, घ्यायच्या आधी गाडीखाली शिरून टाकी कुठे आहे ते बघा. जीप रँग्लरचंच घ्या. टीजे मॉडेलमध्ये टाकी मागच्या ॲक्सलच्याही (चाकांमधल्या आडव्या दांड्याच्या) मागे आहे, तर जेकेमध्ये ॲक्सलच्या पुढे, डाव्या बाजूला. नाव एकच, पण पहिलीला मार बसतो पायरी उतरताना आणि दुसरीला उंचवट्यावर पोट टेकल्यावर. शिवाय टीजेची टाकी कंपनीच्या स्किड प्लेटमध्येच बसवलेली असते. तिथे प्लेट बदलायची म्हणजे टाकीच उतरवायची. ते काम टाकी जवळपास रिकामी असताना काढलेलं बरं. पेट्रोलचं वजन लिटरला पाऊण किलोच्या आसपास असतं, ६० लिटर म्हणजे जवळपास ४५ किलो.

आमच्या ताफ्यात लोखंडी आणि ॲल्युमिनियम, दोन्ही प्लेटा होत्या, आणि पायऱ्यांवर त्यांचा फरक कानाला आधी कळला. लोखंडी प्लेट टेकली की कर्कश आवाज करत सरकते आणि गाडी पुढे निघते. ॲल्युमिनियमची खडकाला धरते. सोबत्याची गाडी तशी अडकली तेव्हा समोर उभा असलेला ओरडला, ‘‘थांब! थोडी मागे घे, डावीकडे काट!’’ नंतर खाली वाकून पाहिलं तर प्लेटला नख अडकेल एवढी खोल चर, आणि तिच्या टोकाला धातूची चकचकीत वळी गोळा झालेली. टाकीला मात्र धक्का लागला नव्हता. त्यामुळे ॲल्युमिनियम वाईट असं मी म्हणणार नाही.

हिशोब असा. ४ मिमी लोखंडी पत्र्याइतका ताठपणा ॲल्युमिनियममध्ये हवा असेल, तर जाडी साधारण ६ मिमी लागते. चौरस मीटरला लोखंड ३१ किलो, ॲल्युमिनियम १६. लांबचा प्रवास, वर तंबू, आत सामान आणि खडक क्वचितच, असं असेल तर ॲल्युमिनियम घ्या. वाटेवर सतत खडक असतील तर मी टाकीखाली लोखंडच घालीन आणि वजन दुसरीकडे वाचवीन. निव्वळ ‘जाड ती चांगली’ या हिशोबाने मात्र जाऊ नका. ८ मिमीचा सपाट पत्रा लावून क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि जमीन यांच्यातलं अंतर) घालवण्यापेक्षा बेंड दिलेली ४-५ मिमीची प्लेट कामाची, कारण ताठपणा बराचसा त्या बेंडमधूनच येतो.

पत्र्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण प्लेट कुठे आवळली आहे हे फार कमी जण बघतात. याच वाटेवर एका गाडीची प्लेट चासीला (गाडीच्या सांगाड्याला) न धरता टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्याच बोल्टवर लटकवलेली होती. पायरीवर बसली तसा सगळा दणका पट्ट्यांवर गेला, टाकी तिरकी झाली आणि भरायच्या नळीचा क्लॅम्प ढिला पडला. प्लेटला पोचासुद्धा नाही, आणि आम्ही पेट्रोलच्या वासात बसून नळी आवळतोय! प्लेटचा भार चासीच्या रेलवर (लांब दांड्यांवर) किंवा क्रॉसमेंबरवरच (आडव्या दांड्यांवरच) गेला पाहिजे. विकणारा तसं सांगू शकत नसेल तर घेऊ नका.

टाकी आणि प्लेट यांच्यात मोकळी जागा हवी. पत्रा दबला तरी टाकीपर्यंत पोचू नये एवढी. प्लास्टिकची टाकी भरल्यावर आणि तापल्यावर किंचित फुगते, तेही धरून चाला. काही जण मध्ये स्पंज किंवा रबर कोंबतात. त्यात ओली रेती अडकते आणि टाकी पॉलिश पेपरसारखी घासत राहते. त्यापेक्षा जागा मोकळी ठेवा आणि पाणी-चिखल निघायला भरपूर भोकं ठेवा. भोकं पाण्याच्या पाइपचं तोंड शिरेल एवढी मोठी असली, तर खालूनच धुता येतं.

कडा नीट पाहा. पुढची कड वर वळलेली हवी हे सगळ्यांना माहीत असतं; मागचीही हवी, कारण अडकल्यावर गाडी रिव्हर्समध्येच काढावी लागते. बोल्टची डोकी पत्र्यात बुडालेली असावीत. बाहेर लोंबणारं षटकोनी डोकं दोन-चार खडकांत गोल होतं, मग पाना धरत नाही आणि पेट्रोलचा पंप काढायची वेळ आली की ग्राइंडर आणावा लागतो. टाकीजवळ ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे काय, ते सांगायला नको. वेल्डिंगचंही तेच: ब्रॅकेट टाकीखाली उभं राहून नाही, बाहेर करून आणायचं. ॲल्युमिनियम प्लेट आणि लोखंडी बोल्ट यांच्यात नायलॉनचे वॉशर घाला, नाहीतर ओल राहिली की गंज तिथूनच सुरू होतो.

ही वाट करणार असाल तर पायऱ्यांच्या आधीच्या मोकळ्या जागी थांबून प्लेटचे बोल्ट एकदा आवळा. नव्या प्लेटचे तर नक्कीच. मोठ्या पायरीवर उजवीकडून, तिरकं आणि लो रेंजमध्ये (फोर-व्हील ड्राइव्हच्या संथ, ताकदीच्या गिअरमध्ये) उतरा, म्हणजे मागचं एकेक चाक खाली येतं. दोन्ही एकदम सोडली की टाकी बसलीच. सोबत इपॉक्सी पुटी आणि अंगाचा साबण ठेवा. टाकीला बारीक चीर गेली तर त्यावर साबण घासून गळती तात्पुरती थोपवता येते, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही.

पायऱ्या संपल्यावर वाट उंच सुक्या गवतातून जाते. ते गवत प्लेटच्या वर, सायलेन्सरच्या बाजूला जाऊन बसतं आणि तापून पेटू शकतं. गवताचा पट्टा ओलांडला की गाडी बंद करा, सायलेन्सर जरा निवू द्या, मग आकड्याने ओढून ते काढा आणि पुढे निघा.