तुम्ही विचारलंत म्हणून : लोखंड, बाळंतपण आणि नाटक एकाच वर्गात कसे?

मी बेळगावात संख्याशास्त्र शिकवते आणि पीएच.डी. करणाऱ्यांना संशोधनपद्धतीचे पाठ देते. अभियांत्रिकी, वैद्यक, गणित, पदार्थविज्ञान आणि नाटक अशा निरनिराळ्या शाखांतील विद्यार्थी आपापली कामे घेऊन माझ्याकडे येतात, म्हणून सहकारी आणि पालक एक प्रश्न हमखास विचारतात: लोखंडाची ताकद आणि नाटकाचा इतिहास यांना तुम्ही एकच माप कसे लावता, आणि नाटकावरच्या कामाला खरोखर संशोधन म्हणावे का?

माप प्रत्येक विषयाचे वेगळेच असते. सर्वांना विचारावा असा प्रश्न मात्र मला एकच वाटतो: तुमच्या निष्कर्षाच्या बाजूने उभे असलेले पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का?

उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांमुळे आमच्या भागात ओतीव लोखंडावर काम करण्याची ओढ स्वाभाविक आहे. साध्या ओतीव लोखंडात ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात पसरलेले असते आणि त्या पापुद्र्यांच्या टोकांपाशी ताण एकवटून तडा सुरू होतो. वितळलेल्या लोखंडाच्या रसात थोडे मॅग्नेशियम मिसळले की ग्रॅफाइट बारीक गोळ्यांच्या रूपात जमते आणि तेच लोखंड न तुटता बरेच ताणले जाते; फाउंड्रीत त्याला एसजी आयर्न म्हणतात. परंतु मॅग्नेशियम सुमारे १०९० अंश सेल्सिअसला उकळते आणि रस त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो, त्यामुळे रस लॅडलमध्ये, म्हणजे ओतण्याच्या भांड्यात, जितका वेळ थांबेल तितका मॅग्नेशियमचा परिणाम ओसरत जातो. आता एखाद्याने एकाच हीटमधून, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या रसातून, चाचणीसाठी दहा टेस्ट बार ओतले, दहाही यंत्रावर ताणून तोडले आणि दहांचे आकडे जवळजवळ सारखे आले, तर त्याला आपला निष्कर्ष पक्का झाल्यासारखा वाटतो. वास्तविक ते दहा बार एकाच हीटची साक्ष दहा वेळा देत असतात. दुसऱ्या दिवशी, दुसरे भंगार वापरून, रस थोडा अधिक वेळ थांबल्यावर काय होईल, हे त्यांच्यावरून कळत नाही. वेगवेगळ्या दिवशीच्या पाच हीटमधून प्रत्येकी दोन बार घेतले असते, तर यंत्रावरचे श्रम तेवढेच झाले असते आणि ज्ञान कितीतरी वाढले असते. एका पंपावर सेन्सर बसवून हजारो नोंदी घेणाऱ्या अभियंत्यालाही मी हेच सांगते, की नोंदी हजारो असल्या तरी पंप एकच आहे.

वैद्यकात याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या उपयोगी पडतात का, हे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह बेळगावच्या ग्रामीण भागात तपासले आणि ते काम २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १६२० स्त्रियांपैकी कोणाला औषध आणि कोणाला तशीच दिसणारी निरौषधी गोळी मिळणार, हे यादृच्छिक पद्धतीने ठरले होते. गोळी देणाऱ्या परिचारिकेला ते ठाऊक नव्हते, आणि रक्त किती गेले हे नजरेच्या अंदाजावर न सोडता मापाच्या खुणा असलेल्या पिशवीत गोळा करून मोजले गेले. अतिरक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर आले. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बाईला इंजेक्शन आणि शीतपेटीवाचून हे संरक्षण मिळू शकते, हे त्यातून सिद्ध झाले, आणि या कामाचा मला आजही अतिशय अभिमान वाटतो.

गणितात साक्षींची संख्या निरुपयोगी असते. एखादी संख्या घ्यावी, तिच्या वर्गात तीच संख्या आणि ४१ मिळवावेत. शून्यापासून ३९ पर्यंत प्रत्येक वेळी उत्तर मूळ संख्या (म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणारी, प्राइम) येते, आणि ४० ला १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग येतो. चाळीस अनुकूल साक्षी एका प्रतिकूल साक्षीपुढे बाद होतात.

नाटकाकडे मी मुद्दाम शेवटी वळते, कारण शंका त्याच्याविषयीच घेतली जाते. कर्नाटकातून आलेल्या, पौराणिक कथांचे खेळ करणाऱ्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भावे यांना तसे मराठीत करण्यास सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आले, ही हकिगत आपण सर्वांनी वाचलेली असते. एखादा विद्यार्थी या हकिगतीसाठी दहा पुस्तकांचे दाखले देतो, तेव्हा प्रत्येक लेखकाला ती कोठून मिळाली हे शोधायला मी सांगते. दहाही वाटा एकाच जुन्या आठवणीपाशी पोहोचत असतील, तर ते एकाच हीटचे दहा बार ठरतात. याउलट तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील हस्तलिखिते पाहा. १६८४ ते १७१२ या काळात तंजावरावर राज्य करणाऱ्या शहाजीराजे भोसल्यांची मराठी नाटके त्यांत आहेत, आणि त्यांमुळे १८४३ मधले नाटक मराठीतले पहिले, हे विधान जसेच्या तसे टिकत नाही. गणितातल्या चाळीसच्या संख्येने केले तेच काम येथे हस्तलिखितांनी केले. ज्या विषयात विधान असे खोटे ठरू शकते आणि त्यामुळे सुधारता येते, त्याला संशोधन का म्हणू नये?

सीमाभागातल्या विद्यार्थ्याकडून माझी अपेक्षा याहून थोडी अधिक आहे. भागवतांच्या खेळांविषयीची स्वतंत्र साक्ष मिळालीच, तर ती कन्नडमध्ये मिळण्याचा संभव मोठा, आणि मराठी दप्तरातली पुष्कळशी मोडीत. म्हणून नाटकावर काम करणाऱ्याने दोन्ही वाचायला शिकावे, असा माझा आग्रह असतो. खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा सौंदत्तीकडे कोणाच्या घरी जुन्या नाटक मंडळींची हँडबिले, जमाखर्चाच्या वह्या किंवा पत्रे असतील, तर ती रद्दीत देऊ नका. त्यांचे फोटो काढा, कागद कोणाकडून आणि कोणत्या गावातून आला हे त्यावर तारखेसह नोंदवा, आणि कन्नड आहे म्हणून कोणताही कागद बाजूला टाकू नका.