गाडीतली वही आणि मिरजेहून आलेलं पाणी

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डात लाल पुठ्ठ्याची एक वही आहे. २०१४ साली गाडी घेतली तेव्हापासून पेट्रोल भरलं की तारीख, लीटर आणि किलोमीटर मी त्यात लिहितो. लातूरहून गाव, गावाहून लातूर, वर्षातून तीन-चारदा पुणे. पहिली सात-आठ वर्षं सरासरी साडेसतराच्या आसपास होती. गेल्या वर्षीची बेरीज केली तर १६.३ निघाली. टायर बदलले, सर्व्हिसिंग केलं, हवा नीट ठेवली, आकडा काही हलला नाही.

गाडीचं वय झालंय, थोडी घट त्याचीही असेल. पण मुख्य कारण टाकीतच आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल, म्हणजे ऊस किंवा धान्यापासून काढलेलं अल्कोहोल, मिसळलेलं असतं. इथेनॉलच्या एका लीटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पाचवा हिस्सा इथेनॉलचा झाला की इंधनाचं बळ सहा-सात टक्क्यांनी उतरतं. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात जुन्या चारचाकींसाठी एवढीच घट लिहिलेली आहे. म्हणजे हे आधीपासून माहीत होतं. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर मला चार लीटर पेट्रोल जास्त लागतं, चारशेच्या वर रुपये जातात. लीटरमधलं बळ कमी झालं तर भावही तेवढा उतरायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

दिवाळीच्या आधी गाडीतून पेट्रोलचा वास यायला लागला म्हणून मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाईप काढून हातात दिला. रबर फुगून मऊ पडलं होतं. "इथेनॉलनं का?" विचारलं, तर म्हणाले, "अकरा वर्षांचा पाईप हाय सर, वयानं बी जातो. पण हल्ली असे लई यायलेत." माझ्या गाडीच्या पुस्तकात दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलेलं आहे. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पाईप, सील वीस टक्क्यांना टिकतील असे बनवलेत. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा (इंधन वेळेआधी न पेटण्याचं माप) शंभराच्या वर असल्यानं त्या मिश्रणासाठी जुळवलेल्या इंजिनाला फायदाही होतो. मुलीच्या नव्या गाडीला काहीच त्रास नाही. पण माझ्यासारख्या जुन्या गाड्या रस्त्यावर किती आहेत!

एवढं लिहून थांबलो असतो तर गावाकडे ऊस पिकवणाऱ्या आमच्या अण्णांवर अन्याय झाला असता. मांजरा नदीच्या काठाला दीड आणि बोअरवर दीड असा आमचा तीन एकर ऊस यंदापर्यंत होता. ऊस कारखान्याला गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान ऊसदर, द्यावी असा कायदा आहे, पण बिलासाठी पाडव्यापर्यंत वाट पाहिलेली वर्षं मी लहानपणापासून बघितलीत. साखर गोदामात पडून वर्षभर हळूहळू विकली जाते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून काही आठवड्यांत येतात. कारखान्याची इथेनॉल काढणारी डिस्टिलरी चालायला लागल्यापासून आमचं बिल वेळेवर येतंय. मायलेजचं रडगाणं सांगितलं की अण्णा म्हणतात, "तुझे चारशे गेले, पर माझं बिल आलं की." यावर माझ्याकडे उत्तर नाही. शिवाय देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. त्यातला काही पैसा आमच्या शिवारात येत असेल तर मला आनंदच आहे.

माझी झोप उडवतो तो पाण्याचा हिशेब. उसापासून एक लीटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लीटर पाणी लागतं, असं नीती आयोगाच्या त्याच अहवालात दिलंय. साखर काढल्यावर उरणाऱ्या मळीपासून केलेल्या इथेनॉलचं मला एवढं वाटत नाही, कारण ऊस साखरेसाठी पिकलेलाच असतो. पण थेट रसापासून करायचं तर सगळं पाणी गाडीत जाळण्यासाठीच दिलं असं होतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. मांजरा धरण आटलेलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी. १२ तारखेला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लीटर. शहरात लोकांचे डोळे भरून आले होते. आता भागाकार करा. त्या पाच लाख लीटरमधून पावणेदोनशे लीटर इथेनॉल होतं. वीस टक्के मिसळलं तर माझ्या गाडीच्या पंचवीस टाक्या भरतात. अख्ख्या रेल्वेचं पाणी एकट्या माझ्या गाडीनं वर्ष-सव्वा वर्षात संपवलं असतं.

मग मक्यापासून करा, असं म्हणतात. मध्यंतरी मक्याचा भाव चढला, मका लावणाऱ्याला ते बरंच झालं. पण धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कोंबडीखाद्यात जातो आणि सोयाबीनच्या पेंडीची मागणी खातो. सोयाबीनचा भाव पडण्याची कारणं अनेक आहेत, खाद्यतेलाची आयात आहेच, पण हेही एक आहे. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि माझ्या चुलतभावानं लातूरच्या अडतीत माल त्याच्या बराच खाली सोडला.

मला इथेनॉल बंद नकोय. पंपावर निवड हवी आहे. ब्राझीलमध्ये लोक पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींचे भाव बघतात आणि इथेनॉल पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तरच ते भरतात. आमच्या पंपावर मिश्रण किती आहे हे ठळक लिहा, जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचं एक नोझल ठेवा आणि वीस टक्क्यांचा भाव त्याच्या बळाप्रमाणे लावा. आणि थेट रसापासूनचं इथेनॉल जिथे पाणी आहे तिथेच होऊ द्या. दुष्काळी तालुक्यात नको.

मांजरेकाठचा दीड एकर ऊस आम्ही ठेवलाय. बोअरवरच्या दीड एकरात यंदा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून येणारं पुढचं पीक, ठेवला नाही. अण्णा आठ दिवस बोलत नव्हते. नंतर स्वतःच मोटार किती तास चालते ते मोजत बसले आणि तुरीचं बी आणायला मला लातूरला पिटाळलं.